मूळ गाव सापडले, शेतही सापडले. घर मात्र सापडत नाही

लक्षण नेहमीचे आहे. पणजोबांच्या नावाचा जुना सातबारा हाती येतो, गट नंबर कळतो, मोबाइलवर शेताचा नकाशाही उघडतो. पण कुटुंब राहत होते ते घर नेमके कुठे होते, हे एकाही कागदावर मिळत नाही. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) म्हणतात ग्रामपंचायतीत विचारा. ग्रामपंचायत म्हणते हा नंबर आमच्याकडचा नाही. भूमी अभिलेख कार्यालय म्हणते नंबर आणा, मग बघू. दोन-तीन खेपांत उत्साह संपतो आणि शोध तिथेच राहतो.

कारण साधे आहे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. सातबारा हा शेतसाऱ्याचा कागद. गावठाणाच्या जमिनीला शेतसारा नव्हता, म्हणून मोजणी करणाऱ्यांनी गाव नकाशावर गावठाणाची फक्त बाहेरची हद्द आखली आणि आतली घरे सोडून दिली. आजच्या भूनकाशावरही गावठाण बहुतेक ठिकाणी एकाच आकृतीसारखे दिसते. म्हणून सातबाऱ्याच्या मागे कितीही गेलात तरी शेताची वंशावळ मिळेल, घराचा पत्ता मिळणार नाही.

दुसरी अडचण नंबरांची. घराचा नंबर दर काही वर्षांनी बदलतो, सर्व्हे नंबरचा गट नंबर होतो, गटातून पोटहिस्से निघतात. घराच्या चार बाजूंना कोण राहत होते, ही माहिती मात्र पिढ्यान्‌पिढ्या कागदोपत्री टिकते. म्हणून या शोधात नंबराच्या मागे कमी आणि शेजाऱ्यांच्या मागे जास्त लागायचे.

गाव तेच आहे ना?

बरेच शोध इथेच चुकतात आणि चूक फार उशिरा लक्षात येते. एकाच नावाची दोन-तीन गावे एका तालुक्यात असू शकतात. बुद्रुक आणि खुर्द यांचे महसुली दप्तर वेगवेगळे असते. जुन्या कागदात ‘मौजे’च्या पुढे बु।। किंवा खु।। अशी खूण असते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. घरात ज्याला ‘आपले गाव’ म्हणतात ती पुष्कळदा वाडी असते आणि तिचे सगळे दप्तर मूळ महसुली गावाच्या नावाने असते. कुलदैवताचे गाव किंवा आडनावावरून काढलेले गाव हे सहा-सात पिढ्यांमागचे असू शकते. शेवटचे राहते घर तिथे असेलच असे नाही.

मग जिल्ह्यांचे बदल. कागद ज्या वर्षाचा, त्या वर्षीचा जिल्हा धरायचा आणि आजचा जिल्हा वेगळा काढायचा. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे १९३० च्या कागदावरचा ‘जिल्हा सातारा’ आज सांगलीत असू शकतो. पूर्व खानदेश म्हणजे जळगाव. पश्चिम खानदेश म्हणजे धुळे, त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार निघाला. कुलाबा १९८१ पासून रायगड झाला. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना वेगळा झाला. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली निघाले. ठाण्यातून पालघर अगदी अलीकडे, २०१४ साली.

गाव संस्थानात होते का, हेही आधीच पाहा. औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट, सांगली, मिरज, सावंतवाडी, जंजिरा या संस्थानांचे कागद ब्रिटिश मुलखाच्या पद्धतीचे असतीलच असे नाही. विलीनीकरण १९४८ मध्ये झाले, कोल्हापूरचे १ मार्च १९४९ रोजी. त्याआधीचा कागद तहसील कार्यालयात मिळाला नाही तर त्याचा अर्थ तो नष्ट झाला असा नाही. तो संस्थानी दप्तरात असू शकतो. कोल्हापूर संस्थानासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार ही पहिली जागा.

गावाचे नाव आणि तालुका पडताळायला १९५१ पासूनच्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका उत्तम. त्यांत तालुकावार गावांच्या याद्या आहेत आणि बुद्रुक-खुर्दचा घोळ तिथे लगेच सुटतो.

कोणत्या सालापर्यंत घर होते?

साल पक्के नसेल तर कोणते रजिस्टर मागायचे हेच कळत नाही. ‘आजोबांच्या लहानपणी सोडले’ एवढ्यावर अर्ज करू नका. दहा वर्षांच्या आतबाहेर साल आणा.

यासाठी दोन कागद सर्वांत कामाचे. पहिला, प्राथमिक शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. त्यात मुलाचे पूर्ण नाव, जन्मस्थान, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. सर्वांत धाकट्या भावंडाने गावची शाळा कधी सोडली, हे कुटुंबाने गाव सोडल्याच्या तारखेच्या सर्वांत जवळ जाते. थोरल्या भावाचा दाखला पाहून लोक फसतात, कारण तो शिकायला आधीच तालुक्याला गेलेला असतो. दुसरा, गाव नमुना १४, म्हणजे ज्याला कोतवाल बुक किंवा विदर्भात कोतवाल पंजी म्हणतात ते जन्म-मृत्यूचे रजिस्टर. जुनी पुस्तके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. त्यात गावातला शेवटचा जन्म किंवा मृत्यू सापडला की अलीकडची मर्यादा ठरते.

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात तिसरा एक धागा असतो. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमीन कुळाकडे गेली असेल, तर कलम ३२ग च्या निवाड्यात आणि त्यावरून झालेल्या फेरफारात (हक्क बदलल्याच्या नोंदीत) जमीनमालकाचा त्या वेळचा पत्ता असतो. ‘रा. पुणे’ किंवा ‘रा. मुंबई’ असे दिसले तर कुटुंब त्याआधीच बाहेर पडले. पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या कुटुंबांची घरे गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत गेली, त्यांच्या बाबतीत हा तपशील फार उपयोगी पडतो: शेताचे कागद पुढे चालू राहिले, घराचे तिथेच थांबले.

घराचा कागद नेमका कुठे असेल

गावठाणाचे नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झाले आहे की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ खाली साधारणपणे दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावठाणांची अशी मोजणी होते. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात एकच प्रश्न विचारा: या गावठाणाचा सिटी सर्व्हे झाला आहे का आणि कोणत्या साली?

झाला असेल तर लोक मिळकत पत्रिका (विदर्भात आखीव पत्रिका) मागतात आणि तिथेच थांबतात. पत्रिकेवर आजचा धारक दिसतो. त्याऐवजी दोन गोष्टी बघा. पत्रिकेवरचा ‘हक्काचा मूळ धारक’ हा रकाना. आणि त्याहून महत्त्वाची, चौकशी नोंदवही. सिटी सर्व्हे होताना चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक तुकड्याबद्दल ही जागा कोणाची, कशी आली, काय पुरावा दाखवला याची नोंद त्यात केलेली असते. ‘वडिलोपार्जित’, ‘अमुक यांजकडून खरेदी’, ‘अमुक सालापासून वहिवाट’ असे शेरे तिथे मिळतात. विकून गेलेल्या घराचा माग लावायला याच्याइतका चांगला कागद नाही. अर्जात मात्र ‘मिळकत पत्रिका’ असे लिहिलेत तर फक्त पत्रिका मिळेल. चौकशी नोंदवहीचा उतारा असे स्वतंत्रपणे लिहावे लागते.

सिटी सर्व्हे झालेला नसेल, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही, हा आधार. त्यात मालक, भोगवटादार, घराचे वर्णन आणि लांबी-रुंदी असते. दर चार वर्षांनी आकारणी नव्याने होते आणि त्या वेळी घर क्रमांक बदलू शकतात. म्हणून १९६५ चा ४७ नंबर आणि आजचा ४७ नंबर ही दोन वेगळी घरे समजूनच चाला.

जुना नंबर आजच्या नंबराशी जुळवण्याची एक रीत आहे. आकारणी करणारे गल्लीने चालत नंबर देतात. नंबर बदलले तरी चालण्याचा क्रम फारसा बदलत नाही. म्हणून आपल्या घराचा एकच नंबर उतरवू नका. त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा नावे, वर्णनासह, उतरवा. मग पुढच्या आकारणीच्या वहीत तोच आडनावांचा क्रम शोधा. कुलकर्णी, माळी, माळी, देऊळ, सुतार असा क्रम पुन्हा दिसला की तुम्ही त्याच गल्लीत आहात. मध्ये एखादे घर विभागून दोन झाले असेल किंवा पडून मोकळी जागा झाली असेल, तरी क्रम ओळखता येतो. आजपासून मागे जात, एकेक आकारणी ओलांडत जा. सर्वांत जुन्या वहीवरून थेट आजच्या वहीत उडी मारायची नाही, तिथेच साखळी तुटते.

केंद्राच्या स्वामित्व योजनेत एप्रिल २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन नव्या मिळकत पत्रिका तयार होत आहेत. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत प्रायोगिक काम झाले होते. या पत्रिका आजचा ताबा दाखवतात, जुना मालक नाही. तरी गावठाणाच्या आत प्रत्येक घराची आखणी असलेला नकाशा म्हणून त्यांचा मोठा उपयोग आहे. पुढे जी जुळणी करायची आहे ती याच नकाशावर करा.

कोकणाचे गणित वेगळे. तिथे घर पुष्कळदा गावठाणात नसून स्वतःच्या किंवा खोताच्या जमिनीत, वाडीत असते. त्यामुळे तिथे सातबारा कामाला येतो, पण पाहायची जागा वेगळी. नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, ‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’ या रकान्यात ‘घर’ किंवा ‘घरपड’ असे स्वरूप लिहिलेले असते. आणि इतर हक्काच्या रकान्यात ‘अमुक याचे घर’ अशी नोंद असते, जमीन दुसऱ्याची असली तरी. तुमच्या पूर्वजांच्या खात्यात घर सापडले नाही म्हणून निराश होण्याआधी त्या वाडीतल्या सगळ्या हिश्श्यांचे इतर हक्क वाचून काढा.

चतुःसीमा: शोधाचा कणा

नोंदणीकृत खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र यांत मिळकतीच्या चारही बाजूंचे वर्णन असते. पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस अमुक यांचे घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस तमुक यांची पडकी जागा. तुमच्या कुटुंबाने घराचा कधीच व्यवहार केला नसेल, तोंडी वाटणी करून सोडून दिले असेल, तर तुमच्या नावाचे खत मिळणार नाही. पण शेजाऱ्याने केव्हा ना केव्हा विकले असेल, गहाण टाकले असेल, सोसायटीचे कर्ज काढले असेल. त्याच्या खतात एका बाजूला तुमचे आडनाव येते. आपले घर दुसऱ्याच्या कागदात शोधायचे, एवढेच यामागचे तत्त्व.

कामाला असे लागा. नमुना ८ वरून किंवा गावातल्या जाणत्यांकडून त्या गल्लीतल्या जुन्या घराण्यांची नावे लिहून काढा, दहा-बारा पुरतात. मग दुय्यम निबंधक कार्यालयात सूचीचा शोध घ्या. सूची क्रमांक १ व्यक्तींच्या नावाने असते, सूची क्रमांक २ मिळकतीनुसार. घराला नंबरच नसेल तर सूची २ मध्ये शोधणे कठीण जाते. जुन्या काळासाठी सूची १ मधून नावाने शिरा, तिथून दस्त क्रमांक घ्या आणि मग दस्ताची नक्कल मागा. ऑनलाइन शोधात ग्रामीण भागाचे साधारण २००० नंतरचेच दस्त मिळतात, तेव्हा जुन्यासाठी प्रत्यक्ष शोध अटळ आहे. तालुक्यात दुय्यम निबंधकाची कार्यालये नंतर वाढली असतील तर जुनी पुस्तके मूळ कार्यालयात किंवा जिल्ह्याला असतात, हे आधी विचारून घ्या.

एक मर्यादा लक्षात असू द्या. शंभर रुपयांपेक्षा कमी किमतीच्या स्थावराची विक्री ताबा देऊनही करता येत असे, नोंदणी सक्तीची नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावातली मातीची घरे सहज या किमतीच्या आत येत. म्हणून खत नाही म्हणजे विक्री झालीच नाही, असा निष्कर्ष काढू नये.

खते मिळाली की कागदावर चौकट काढा. प्रत्येक खतासाठी मध्ये मिळकतधारक आणि चार बाजूंना चार नोंदी, वर साल. दोन खते एकमेकांची खातरजमा करतात तेव्हाच ती जोडा: ‘क’च्या खतात पूर्वेस ‘ख’, आणि ‘ख’च्या खतात पश्चिमेस ‘क’. एकतर्फी उल्लेखावर भरवसा ठेवू नका. पाच-सहा चौकटी जोडल्या की गल्लीचा तुकडा तयार होतो. त्यातली न हलणारी एक खूण पकडा: देऊळ, चावडी, विहीर, वेस, मशीद, सरकारी रस्ता. तिच्यावरून सगळा तुकडा आजच्या नकाशावर बसवता येतो.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

चतुःसीमा जुन्या खतावरून जशीच्या तशी उतरवलेली असते. १९५२ च्या खतात जे शेजारी आहेत ते १९२० चे असू शकतात, प्रत्यक्षात तोवर दोन पिढ्या गेलेल्या. नाव एखाद्या मयताचे दिसले तर घाबरू नका, फक्त साल मागे धरा.

दिशा अंदाजाने लिहिलेल्या असतात. गल्ली ईशान्येकडे वळत असेल तर एक खत तिला पूर्व म्हणते, दुसरे उत्तर. चौकट बसत नसेल तर आधी पाव फेरा फिरवून पाहा.

घराचे माप ‘खणां’त असते, पण खण हे ठरावीक माप नाही; ते दोन तुळयांमधले अंतर आणि घराघरांत वेगळे. पाच खणी घराचे चौरस फूट काढायला बसू नका. हात, गज आणि वार यांत दिलेली मापे मात्र वापरता येतात. एक चौरस वार म्हणजे ०.८३६ चौरस मीटर. मिळकत पत्रिकेवर चौरस मीटर असते. १०८ चौरस वारांच्या घराचे तिथे साधारण ९० चौरस मीटर दिसेल. दहा टक्क्यांचा फरक आला तरी चालतो. भिंती सरकतात, ओटे वाढतात.

हिस्सा आण्यांत असेल तर सोळा आणे म्हणजे पूर्ण. पाच आणे चार पै म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे तीन भावांची वाटणी. एवढ्यावरून किती भावंडे होती हे कळते आणि वंशावळीशी ताडून पाहता येते.

नाव जुळत नाही

जुन्या नोंदींत आडनाव नसणे नेहमीचे. ‘रामजी बिन गोविंदजी’ म्हणजे गोविंदजीचा मुलगा रामजी. मराठवाड्यात त्याच जागी ‘वल्द’. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आले की पुढचे नाव नवऱ्याचे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान वारसाचा पालनकर्ता. त्याच्या पुढचे किंवा मागचे नाव खऱ्या मालकाचे नसून मामाचे, चुलत्याचे असू शकते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; नाव एकाचे, घर सगळ्यांचे. आणि ‘वगैरे’ या शब्दामागे चार-पाच भाऊबंद दडलेले असतात, ते फक्त फेरफाराच्या मूळ नोंदीत उलगडतात.

आडनाव मध्येच बदललेलेही असते. वतनावरून कुलकर्णी, पाटील, देशमुख, देशपांडे, चौगुले, आणि शहरात गेल्यावर मूळ गावावरून ‘-कर’. एकाच माणसाचे शाळेत एक आडनाव आणि फेरफारात दुसरे, असे असेल तर दोन्ही ठिकाणचे वडिलांचे नाव आणि आजोबांचे नाव ताडून पाहा. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि पाटील वतन १९६२ च्या कायद्याने गेले. वतनदार घराण्यांचे त्या सुमाराचे कागद तहसीलला वेगळ्या बस्त्यात असतात. सनदी इनामाचा मामला असेल तर त्याहून जुन्या नोंदी पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, शोधाव्या लागतात.

मोडी वाचता येत नसेल तर अंदाजाने नाव ठरवू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाही, शब्द तोडत नाहीत, आणि हातागणिक वळण बदलते. वाचकाला नुसता फोटो पाठवण्याऐवजी त्याच वहीची चार-पाच पाने पाठवा म्हणजे त्याला लिहिणाऱ्याचे वळण सापडते. सोबत गावातल्या आडनावांची यादी आणि शेजारच्या गावांची नावे द्या. यादी दिलेली असली की वाचन अचूक येते, नसली की ‘माने’चे ‘माळे’ होते.

कालगणना तीन प्रकारची भेटते. इसवी सन काढायला शके अधिक ७८. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना ७९. फसली सनात ५९०, म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८. सुहूर सनात ५९९, वर्ष मृगापासून. ते अंकांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेले असते आणि एकक आधी येतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, म्हणजे १७६०-६१.

विदर्भ आणि मराठवाडा

मराठवाड्यात निजामी दप्तर. १९५४-५५ चे खासरा पत्रक हा तिथला पक्का टप्पा. त्याआधीच्या पहाणी पत्रकांत उर्दूही भेटते. विदर्भात नागपूरकडचा मालगुजारी भाग आणि वऱ्हाड यांचे कागद वेगळे. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्यानंतरचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि त्याआधीची बंदोबस्ताची मिसल असे दोन टप्पे मागा. गावठाणाला तिथे ‘आबादी’ म्हणतात. अर्जात गावठाण लिहून नकार आला तर आबादीचा नकाशा असे लिहा. आणि गाव ‘रिठी’ असेल, म्हणजे महसुली गाव कागदावर आहे पण वस्ती उठून गेली, तर वस्ती शेजारच्या कोणत्या गावात गेली ते त्या गावच्या दप्तरात शोधावे लागते.

गावच हलले असेल तर

कोयना, जायकवाडी, उजनी या धरणांखाली गेलेली गावे; ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप; पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. अशा ठिकाणी आजचे गावठाण हे पुनर्वसनाचे असते आणि तिथल्या घर क्रमांकाचा जुन्या घराशी संबंध फक्त कुटुंबाच्या नावापुरता.

भूसंपादनाची फाइल इथे सोन्यासारखी. नुकसानभरपाई देण्यासाठी प्रत्येक घराची मोजणी, बांधकामाचे वर्णन, लाकूडफाट्याचीसुद्धा किंमत आणि मालकाचे नाव निवाड्यात लिहिलेले असते. ती जिल्हा पुनर्वसन किंवा भूसंपादन शाखेत असते. धरणाचे नाव, गाव आणि निवाड्याचे अंदाजे साल देऊन मागा. जागा ठरवायला धरणापूर्वीचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा एक इंच-एक मैल नकाशा घ्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत आजच्या नकाशावर बसवा आणि गूगल अर्थच्या जुन्या चित्रांतून मे-जूनमधली, पाणी आटलेली चित्रे निवडा. पाणी खूप खाली गेले की जोती आणि गल्ल्यांच्या रेषा वरून ओळखू येतात. जुळणीसाठी खुणा धरायच्या त्या देवळांच्या आणि टेकड्यांच्या. नदीचे काठ धरू नका.

गावात गेल्यावर

कागदावर जागा ठरल्यावरच जा. आधी गेलात तर लोक कोणतेही एक पडके जोते दाखवतात आणि तेच डोक्यात बसते. गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही जागेवर हक्क सांगायला आलेलो नाही. हे सांगितले नाही तर म्हातारी माणसेसुद्धा ‘आठवत नाही’ म्हणतात, आणि त्यांचे चुकत नाही. मालकीचा खरोखर प्रश्न असेल तर तो वकिलाकडे न्या. घर शोधणे आणि घर मागणे एका खेपेत करू नये.

प्रश्न उलटा विचारा. ‘अमुक यांचे घर कुठे होते?’ असे विचारले की ऐकणारा तुम्हाला खूश करायला बघतो. ‘या बोळाच्या दक्षिणेला पूर्वी कोण राहायचे?’ असे विचारा आणि आपले आडनाव तोंडातून काढू नका. दोन वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी न सुचवता तेच नाव घेतले तर ते धरण्यासारखे. गावातून मुंबई-पुण्याला गेलेल्या शेजाऱ्यांच्या मुलांना फोन करा. गावात राहिलेल्यांपेक्षा त्यांना जुन्या गल्लीची मांडणी जास्त स्पष्ट आठवते, कारण त्यांनी नवी पाहिलेलीच नसते.

आपली ओळख पटवायला नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोकांकडची वंशावळ उपयोगी. त्यांतून घराची जागा नाही, पण गाव आणि भाऊबंदांच्या शाखा मिळतात. गावात अजून टिकलेली शाखा कोणती हे कळले की अर्धी कागदपत्रे त्यांच्याच माळ्यावर निघतात.

‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर आले

हे उत्तर बहुतेक वेळा अर्जातल्या चुकीमुळे येते. एकाच अर्जात पाच कागद मागितलेले असतात, सालाचा पट्टा शंभर वर्षांचा असतो, किंवा कागद ज्या कार्यालयात कधीच नव्हता तिथे अर्ज गेलेला असतो. फेरफार आणि कोतवाल बुक तहसीलला, टिपण-फाळणी-गुणाकार बुक-आकारबंद हे मोजणी-आकारणीचे कागद आणि एकत्रीकरणाचा ९(३)-९(४) उतारा भूमी अभिलेखला, नमुना ८ ग्रामपंचायतीत, दस्त दुय्यम निबंधकाकडे. सर्व्हे नंबरचा गट नंबर कोणता झाला हे त्या ९(३)-९(४) वर कळते. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत, तिथे आधी पाहा.

तरीही नकार आला तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, म्हणून कागदागणिक वेगळा अर्ज. कागदाची प्रत मागण्याऐवजी ‘अमुक गावच्या अमुक नमुन्याची सन अमुक ते अमुक या काळातली उपलब्ध पुस्तके कोणती, त्यांची यादी द्यावी आणि पाहणीची परवानगी द्यावी’ असे लिहा. पुस्तकांची यादी नाकारता येत नाही, आणि यादीत पुस्तक दिसले की ते उपलब्ध नाही असे म्हणता येत नाही. पुस्तक खरोखर नष्ट केलेले असेल तर ज्या आदेशाने ते नष्ट केले त्याची प्रत मागा. पाहणीला जाताना पेन्सिल, वंशावळीचा एक कागद आणि शेजाऱ्यांच्या नावांची यादी न्या. पान उलटताना आपल्या आडनावाबरोबर त्या दहा-बारा आडनावांवरही डोळा ठेवा.